डब्यावरचं संत्रं

१९९४चा डिसेंबर, क्योतोतला माझा पहिला हिवाळा. घरमालकीणबाई सत्तरीच्या, मी त्यांना ओबाआसान, म्हणजे आजी, म्हणायचे. संध्याकाळी कोतात्सूत, म्हणजे रजई अंथरलेल्या ऊबदार बैठ्या टेबलाखाली, पाय घालून दोघी बसायचो. एकदा त्यांनी थंड पेयाचा रिकामा डबा पुढ्यात ठेवला, त्यावर छोटं संत्रं अलगद बसवलं आणि म्हणाल्या, "आरुमिकान नो उए नि आरु मिकान."

मी बघतच राहिले. मग उलगडलं. ‘आरुमि-कान’ म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा, ‘आरु मिकान’ म्हणजे असलेलं संत्रं. डब्यावर असलेलं संत्रं! ‘नो उए नि’ म्हणजे ‘च्या वर’, हे वर्गात पानंच्या पानं लिहूनही जिभेवर चढलं नव्हतं. त्या संध्याकाळी चढलं. अशा कोटीला जपानीत दाजारे म्हणतात.

नववर्षाला कारुताची पेटी निघाली. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आलेला, आपला पाव आणि त्यांचं ‘पान’ही त्याच भाषेतून आले. आधी इरोहा कारुता, अक्षरागणिक एक म्हण. ‘इ’ची म्हण हिंडणाऱ्या कुत्र्याला काठी लागते अशी, ‘हा’ची फुलांपेक्षा पिठाचे गोड गोळे बरे अशी. म्हण कानावर पडली की तिचं चित्र झडप घालून उचलायचं. हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरं, मी अशीच शिकले.

मग ‘ह्याकुनिन इश्शु’. शंभर कवींची एकेक कविता; निवड तेराव्या शतकातल्या फुजिवारा नो तेइकाची. वाचणारीच्या पत्त्यावर अख्खी कविता, चटईवरच्या पत्त्यांवर फक्त उत्तरार्ध, तोही ‘का’ आणि ‘गा’ वेगळे करणाऱ्या खुणांशिवाय. माझे डोळे शिणून जायचे. सात कविता मात्र पहिल्याच अक्षराला ओळखू येतात: मु, सु, मे, फु, सा, हो, से. पहिली तीन जोडली की ‘मुसुमे’, मुलगी. त्या सात माझ्या हक्काच्या.

आता माझी भाची पुण्यात जपानी शिकते. तिची कांजी, म्हणजे चिनी चित्रलिपी, माझ्यापेक्षा पक्की आहे. याच खेळावरच्या ‘चिहायाफुरु’ या मांगामुळे, म्हणजे जपानी चित्रकथेमुळे, हे सात पत्ते तिला आधीपासून ठाऊक. कविता तिला फोन वाचून दाखवतो, न थकता, स्वच्छ आवाजात. पण समोर कोण बसलंय हे त्या आवाजाला दिसत नाही. ओबाआसान माझा चाचपडणारा हात बघून शेवटचे चरण पुन्हा, सावकाश म्हणायच्या.

संक्रांतीला भाची आली तेव्हा मी ओबाआसाननी निघताना दिलेली पेटी काढली. तिनं फोन काढला. "राहू दे," म्हटलं, "मी वाचते." ‘मु’ म्हणाले मात्र, तिचा हात पत्त्यावर पडलासुद्धा. उचलून बघते तर कोपऱ्यावर पिवळट डाग.

"मावशी, हा कसला गं?"

टोपलीतलं एक संत्रं घेतलं आणि रिकामा डबा शोधायला मी स्वयंपाकघरात गेले.