पाहण्याचा कार्यक्रम

बरेच दिवस झाले, पिक्चरवर काही लिहिलं नाही. पाहणं मात्र सुरूच होतं. आमच्या घरी रविवारी रात्री जेवणं आटोपली की टीव्हीसमोर एक पिक्चर लागतो आणि तो कोणता हे मी ठरवतो, अशी बायकोची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

हे वेड जुनं. नांदगाव पेठेहून अमरावती बारा-पंधरा किलोमीटर. तिवस्याकडून येणारी एस.टी. पकडायची, नाहीतर राहटगाववरून सायकल हाणत जायचं. अमरावतीत आजही पत्ता सांगताना चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक, श्याम चौक असं सांगतात. सगळे टॉकीजच्या नावाचे चौक. बाहेरगावच्या पाहुण्याला श्याम चौक म्हटलं की देऊळ असेल असं वाटतं. आम्हाला तिकीटखिडकीची रांग आठवते. आता आमच्या गावाला मोठी एमआयडीसी आहे, वीज प्रकल्प आहे, हायवेवर टोलनाका आहे, पण पिक्चर पाहायचा तर तेव्हाही अमरावती आणि आताही अमरावतीच. नाहीतर घरचा टीव्ही.

तर गेल्या महिन्यात तीन मराठी सिनेमे पाहिले. त्यातला एक दुसऱ्यांदा.

पहिला 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर यांचा. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरला लागला. तेव्हा माझा हुकला होता. मार्च एंडिंगला हिशेबाच्या नोकरीतल्या माणसानं पिक्चरचं नाव काढू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, म्हणजे दिग्दर्शकाच्या स्वतःच्या गावात तो चित्रित झाला आहे आणि त्यातली बहुतेक माणसं तिथलीच, यापूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली.

गोष्ट एवढीशीच. सविता नावाची कॉलेजात शिकणारी मुलगी. स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. बाप कापूसवाला शेतकरी. तिला पाहायला पाहुणे येतात, आणि येतच राहतात. प्रत्येक वेळी तेच. पाहुणे बसतात, ती ट्रे घेऊन येते, स्टुलावर बसते. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय, शेतातली कामं येतात का. मग पाहुणे बाहेर जाऊन बोलतात आणि काही दिवसांनी नकार येतो. रंग सावळा आहे, उंची कमी आहे. कॉलेजात मात्र समाजशास्त्राच्या तासाला स्त्रीसक्षमीकरणाचा धडा चाललेला. सोमलकर यावर एकदाही ओरडून बोलत नाहीत. तोच प्रसंग पुन्हा दाखवतात, पुन्हा दाखवतात. तिसऱ्या वेळी मी सोफ्यावर जागा बदलली. नंदिनी चिकटेनं सविता केली आहे. तिला त्या स्टुलावर संवाद फार नाहीत, पण ती खाली बघत असताना नेमकं काय ऐकते आहे ते आपल्याला कळत राहतं.

एक सांगायचं राहिलं. पिक्चरची सुरुवात उलटी आहे. बायका ऐटीत बसल्या आहेत, मुलगा समोर आहे आणि त्या त्याला प्रश्न विचारताहेत. ते सविताचं स्वप्न असतं. आमच्या घरात या प्रसंगाला सगळ्यात जास्त मी हसलो.

चंद्रपूरकडची बोली आमच्या वऱ्हाडीसारखी तंतोतंत नाही. पण कानाला घरची वाटते. आमच्या बोलीचं एक दुखणं आहे. सिनेमात 'काय करून राह्यला बे' असं कोणी म्हटलं की थिएटर हसायला तयार होतं. भारत गणेशपुरेंनी टीव्हीवरून वऱ्हाडी महाराष्ट्राच्या घराघरात नेली, त्याचा आम्हा अमरावतीवाल्यांना अभिमानच आहे, पण त्यामुळे लोकांना आमचं रडणंसुद्धा विनोदी वाटेल की काय अशी मला कधी कधी भीती वाटते. 'स्थळ'मध्ये पाहुणेमंडळी अगदी गोड बोलतात. आपुलकीनं बोलतात. आमच्याकडे माणसं अशीच बोलतात. अपमान करतानासुद्धा.

पिक्चर संपला. माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे, बी.ए. झाली आहे, आणि हो, एमपीएससीचीच तयारी करते आहे. तिनं टीव्ही बंद केला आणि विचारलं, "बाबा, तुमी किती पोरी पाह्यल्या होत्या?"

"सात," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आठ. मी आठवी व्हय."

मला वाटलं विषय तिथेच संपेल. पण बायको हात पुसत बाहेर आली आणि तिनं मुलीला सगळं सविस्तर सांगितलं. माझ्या मामांनी तिला पेपर मोठ्यानं वाचायला लावला होता. अग्रलेख. माझ्या आत्यानं, उंची कळावी म्हणून, तिला आपल्या शेजारी उभं केलं होतं. आणि मी काय विचारलं होतं? "तुमचे बाबा तर बोललेच नाई बाप्पा. पोहे खाऊन राह्यले होते." पंचवीस वर्षांच्या संसारात हे तिनं मला कधी ऐकवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, म्हणा.

त्या रात्री मला झोप आली नाही. आठवीमुळे नाही, पाचवीमुळे.

१९९९ चा मे महिना होता. दर्यापूरकडच्या एका गावी आम्ही गेलो होतो. (गावाचं नाव लिहीत नाही, आमचे निम्मे नातेवाईक त्याच पट्ट्यातले आहेत आणि हे वाचून आतेभाऊ फोन करेलच.) खारपाणपट्ट्यातलं गाव, पिण्याचं पाणी मचूळ. त्यांनी आमच्यासाठी दुसरीकडून माठभर गोडं पाणी आणून ठेवलं होतं. मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटी विचारलं, छंद काय?

ती म्हणाली, "पिक्चर पाहणे."

सगळे हसले. तिचे वडीलसुद्धा हसले, पण ते ओशाळून. मग कोणीतरी सावरून घेतलं, "शिवणकाम बी येते तिले, विणकाम बी येते." तिनं एकदा वर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं असेल. मी त्या महिन्यात 'सरफरोश' दोनदा पाहून आलो होतो. माझ्या खिशात तेव्हाही बहुधा तिकिटाचा अर्धा तुकडा असेल, मी ते जपून ठेवायचो. एवढंच विचारायचं होतं, की कोणता पिक्चर आवडतो? चार शब्द. घरच्या सात पाहण्यांत मला भेटलेली ती एकटी मुलगी, जिच्याशी मला खरोखर काही बोलायचं होतं. मी बशीत पाहत राहिलो.

परत येताना जीपमध्ये मामा म्हणाले, रंग दबलेला आहे, अन् पोरगी पिक्चरची शौकीन दिसते. संसाराची नाही वाटत. मी गप्प. पुढे पत्रिका जुळत नाही असं कळवलं. पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती.

'स्थळ' पाहताना माझी चूक ही झाली की मी अख्खा वेळ सविताच्या बापाच्या बाजूनं पाहत होतो. मुलीचा बाप आहे ना मी. कापसाचा भाव पडलेला, हुंडा द्यायचा, बिचारा कसा करेल, असं मनात चाललेलं. मुलीनं तो एक प्रश्न विचारला नसता, तर आपण त्या पाहुण्यांच्या रांगेत, मामांच्या शेजारी बसलेलो आहोत हे मला कळलंही नसतं. त्या रांगेत एक मुलगा नेहमी असतोच. तो काही वाईट बोलत नाही. तो काहीच बोलत नाही.

असो.

दुसरा 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा. २०२५ मध्ये सनडान्सला परदेशी कथापटांच्या विभागातलं सगळ्यात मोठं पारितोषिक याला मिळालं. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक सुतकातही विचारत राहतात, लग्न कधी? त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो तो उठायचं नाव घेत नाही. पहिला अर्धा तास मला जड गेला, कबूल करतो. पण त्यातली आई पाहा. नातेवाईक गराडा घालतात तेव्हा ती मुलाच्या बाजूनं उभी राहते, फार न बोलता. बायको म्हणाली, "अशी माय पाह्यजे." मी म्हटलं, आणि बाप? ती म्हणाली, "बापाचं पाहू." माझ्या आईबरोबर हा सिनेमा पाहायची हिंमत झाली नाही, तिला लवकर झोपवलं. हेही लिहून ठेवतो.

तिसरा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा, सतीश मनवर यांचा. हा मी तेव्हा सीडीवर पाहिला होता. 'गाभ्रीचा' ही आमच्याकडची शिवी, आणि पावसाला ती किती मायेनं देता येते ते इकडच्या माणसालाच कळेल. गावातला एक शेतकरी आत्महत्या करतो. आपला नवराही तसं काही करेल या धास्तीनं अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, नवऱ्यावर पाळत ठेवते. पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. सासूला लावते. त्याच्या आवडीचं करून खाऊ घालते. नवरा किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, वैतागून जातो. आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की आपण कशाला हसतो आहोत. शेवट सांगत नाही.

२००९ मध्ये मी हा सिनेमा पूर्ण पाहू शकलो नव्हतो. मध्येच उठलो होतो. कारण २००६ चा पावसाळा. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि आमच्या अमरावतीसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वडिलांचा कापूस दोनदा पेरून गेला होता. एका संध्याकाळी मी कामावरून आलो, तर फवारणीच्या औषधाचा डबा गोठ्यात नव्हता. आईला विचारलं. म्हणाली, शेजारी ठेवला, आपल्याकडं उंदीर लय झाले. उंदरांचा आणि डब्याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. वडिलांनीही कधी विचारलं नाही, फवारणीच्या दिवशी ते मुकाट शेजारी जाऊन डबा मागून आणायचे आणि संध्याकाळी परत देऊन यायचे. दोन वर्षं हे चाललं. वडील पुढे म्हातारपणानं, घरच्या खाटेवर, शांतपणे गेले. त्या डब्याबद्दल आमच्या घरात आजवर एक अक्षर बोललं गेलेलं नाही.

या वेळी मात्र सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, आणि आईला मुद्दाम शेजारी बसवून पाहिला. ती आता ऐंशीची आहे, ऐकू कमी येतं. अलका पोराला बापाच्या मागे पाठवते तिथं आई एकदम म्हणाली, "बरोबर करून राह्यली." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी तुले नाई पाठवलं. तुले नोकरी होती." मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. दुसरं काय करणार?

आता राहिलं आमच्या घरचं स्थळ. साळ्यानं सुचवलं आहे, मुलगा अकोल्याला नोकरीला आहे. या रविवारी येणार होते. सोयाबीन सोंगणीला आलं म्हणून पंधरा दिवस पुढे गेलं. मुलीची एक अट आहे, ती मी साळ्याला फोनवर कळवली. ट्रे ती नेणार नाही, खुर्चीवर सगळ्यांसारखी बसेल, आणि प्रश्न तीही विचारेल. साळा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग पोहे कोण आनन?"

मी म्हटलं, मी आणतो.

मुलगी सध्या चालू घडामोडींच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न काढते आहे. तिनं मला विचारलं, तुम्हाला काही सुचतं का? मी एक लिहून दिला. शेवटचा पिक्चर कोणता पाहिला, आणि कोणासोबत? बायकोनं तो वाचला आणि म्हणाली, "मले तर कोनी नाई विचारलं." मी विचारलं, बरं, तेव्हा कोणता पाहिला होता? ती आठवत बसली. अजून सांगितलेलं नाही.