हायब्रीटची भाकरी

हायब्रीट ज्वारीला आमच्या घरात कुणी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. परातीत पीठ मळायला घेतलं की आजीचं तोंड सुरू व्हायचं. पिठाला चिकटा नाही, थापताना कडा फाटतात, सकाळची भाकरी संध्याकाळी चामडं. कणसं भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. कडबा तर एवढासा, त्यालाही बैल तोंड लावायचे नाहीत.

पण शिव्या देत का होईना, खाल्ली सगळ्यांनी तीच. 'सीएसएच-१' हे संकरित वाण १९६४ साली आलं. पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यावर मुख्यमंत्री वसंतराव नाईक म्हणाले, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. आज असं बोलणारा पुढारी दाखवा! हायब्रीटला खत-पाणी जमलं तर गावरानाच्या दुपटीनं दाणा पडायचा. काढणीची मजुरी ज्वारीतच मिळे, त्यामुळे मजूर बाईच्या ओट्यातही चार पायल्या जास्त पडत. मात्र बियाणं दरसाल विकतचं. घरच्या कणसातलं पेरून चालत नसे, आणि खताला रोकडा लागे. ज्याच्याकडे तो होता, त्याची कणगी आधी भरली.

१९७२ला पाऊसच नव्हता, वाण काय करणार? लोक खडी फोडायला गेले, सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो खाऊन जगले. त्या वर्षी तारलं ते दुष्काळी कामांनी, म्हणजे रोजगार हमीच्याच कल्पनेनं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी ती कल्पना १९६५मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिली होती. कायदा व्हायला १९७७ उजाडलं. माझ्या मते गरिबाच्या पोटाचं अर्धं श्रेय हायब्रीटचं असेल, तर अर्धं पाग्यांचं. धान्य पिकलं तरी ते घ्यायला हाताला काम लागतं. ही दुसरी बाजू शेतीच्या सत्कार समारंभांत कुणी काढत नाही.

आता खरिपाच्या ज्वारीच्या रानात सोयाबीन आहे. भाकरी महामार्गावरच्या हॉटेलांत पिठल्यासोबत मिळते, आणि सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाईच्या डब्यात रेशनच्या गव्हाची चपाती असते. आजीनं नावं ठेवलेल्या त्या हायब्रीटचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता, गव्हाचा २,२७५.