ताटीवर पाणी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराला पश्चिमेकडे एक दार होतं. वर्षभर ते बंदच असायचं. एप्रिल लागला की बाबा ते उघडायचे आणि चौकटीत खसची ताटी बसवायचे. पुण्याकडे हिला वाळ्याची ताटी म्हणतात, नागपुरात खस. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून भरलेल्या मुळ्या, एवढंच. कोरडी असताना तिच्याकडे कुणी पाहिलंही नसतं. पण पाण्याचा पहिला डबा तिच्यावर रिकामा झाला की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि आई म्हणायची, "लागला उन्हाळा."

दुपारी बारा ते पाच ताटी ओली ठेवायचं काम आम्हा भावंडांचं. दोन ते तीन माझी पाळी. त्या तासाला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. बाहेरची झळ ताटीतून आत येताना निवून यायची, आणि जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन असं ते घर तो गारवा धरून ठेवायचं. आजी ओल्या पंच्याची घडी कपाळावर ठेवून जमिनीवरच पडलेली असायची. डोळे मिटलेले. मला पुस्तक वाचता वाचता डुलकी लागली की तिचा आवाज यायचा, "पाणी टाकलं का वं?" तिला बघायची गरज नसायची. ताटी सुकू लागली की येणारा वारा बदलतो, ते तिच्या गालाला आधी कळायचं.

हे असं का होतं, ते पुढे शाळेत कळलं. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडून जातं तेव्हा सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता खर्च होते. तेवढ्यात माठातलं सात लिटर पाणी उकळीला येईल. माठाचं पाणी गार होतं ते याच कारणानं, आणि घाम आल्यावर अंग निवतं तेही. मात्र हवा कोरडी हवी. वैदर्भीय उन्हाळ्याचं हे एक देणंच म्हणायचं की तो भाजतो, पण कोरडा असतो. मुंबईच्या दमट हवेत ताटी फारसं काही करू शकत नाही. आणि जूनमध्ये पावसाची हवा आली की नागपुरातही तिचं काम संपतं.

लग्नानंतर मी फ्लॅटमध्ये आले तेव्हा ताटी गेली आणि कूलर आला. तोही ताटीच, पत्र्याच्या पेटीत तीन बाजूंना खस, मधे पंखा, खाली टाकी, आणि आजीच्या नातवंडांऐवजी पाणी टाकणारा छोटा पंप. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट लावून कूलर चालवला आणि अंगाला चिकचिक सुटली. शेजारच्या काकूंनी समोरची खिडकी उघडून दिली. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. त्यांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या, त्या मी आजही प्रत्येकाला सांगते. टाकीत पाणी भरताना प्लग काढायचा, कारण ओल्या पत्र्यात करंट उतरून माणसं जातात. आणि आठवड्यातून एकदा टाकी पुसून कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास तेवढ्या दिवसांत अंड्यातून बाहेर येऊन उडायला लागतो.

मग 2013 चा मे आला. हवामान खात्याच्या हिशेबात 45 अंशांना उष्णतेची लाट आणि 47 ला तीव्र लाट. 23 मे रोजी नागपुरात पारा 47.9 वर गेला. नवतपा, म्हणजे मेअखेरीपासूनचे ते नऊ तापलेले दिवस, लागायला अजून दोन दिवस होते.

माझी एक मैत्रीण तेव्हा चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. वर थेट स्लॅब, पश्चिमेला मोठी खिडकी, मुलगा बंगलोरला. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू. त्या आठवड्यात एका दुपारी मी तिला पन्हं द्यायला गेले. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. ती मला माझ्या नावाऐवजी तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. कूलरचा पंप दोन दिवसांपूर्वी जळाला होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कोरडं अंग पाहून मला आमचं पश्चिमेचं दार आठवलं. तिची ताटी सुकली होती. मी तिला जमिनीवर निजवलं, चादर भिजवून अंगावर टाकली, मान आणि काखांत ओले कपडे ठेवले, पंखा पूर्ण वेगात सोडला आणि बादलीतलं पाणी त्या चादरीवर टाकत राहिले. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, एवढं ठाऊक होतं म्हणून पन्हं तसंच राहिलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. ती वाचली.

बरी झाल्यावर मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "अगं, नागपूरचे आपण. उन्हाचं काय सांगायचं कुणाला?"

या वाक्याचा मला तेव्हापासून राग आहे. उन्हाची सवय आहे हा आपला अभिमान माणसं मारतो. वय वाढलं की तहानसुद्धा कमी लागते. शरीर मागतच नाही आणि आपणही मागत नाही.

त्या वर्षीपासून आम्ही सात मैत्रिणींनी पाळ्या लावून घेतल्या. एप्रिल ते पहिला पाऊस, रोज दुपारी दोन वाजता ठरलेल्या मैत्रिणीला फोन. प्रश्न एकच: "पाणी टाकलं का वं?" त्यात सगळं येतं. कूलर चालू आहे का, पाणी पोटात गेलं का, सकाळी नवाच्या आत खिडक्या लावल्या का, काल रात्री झोप लागली का. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर आम्ही डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधली. आतल्या पडद्यानं भागत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. आमच्यातल्या एकीकडे एसी आहे. वीज असेल तेव्हा नवतप्यातल्या दुपारी आम्ही तिथेच असतो, भाजी निवडत, कधी नुसत्या पडून.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं घर टिनाचं आहे. त्यांच्यासाठी जे करायला हवं होतं ते मी फार उशिरा केलं. त्या भर बारा वाजता यायच्या आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता मे महिन्यात त्या सकाळी साडेसहाला येतात, आणि दुपारी टिनाखाली बसवेनासं झालं की लेकीला घेऊन परत येतात. कूलरसमोर सतरंजी टाकलेली असते.

तुमच्या ओळखीत वरच्या मजल्यावर एकटं राहणारं कुणी असेल, तर आज दुपारी दोन वाजता फोन करा. दोनदा वाजूनही उचलला नाही, तर छत्री आणि ओला पंचा घेऊन निघा. बोलणं असंबद्ध वाटलं, तर 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकत राहा.