निदण कोणी काढायचे?

प्रभू येशूच्या दाखल्यांपैकी गव्हाचा आणि निदणाचा दाखला (मत्तय १३) ज्याने आयुष्यात कधी खुरपे धरले आहे त्याला थोडा बुचकळ्यात टाकतो. धन्याने शेतात चांगले बी पेरलेले असते. माणसे झोपेत असताना वैरी येऊन गव्हात निदण पेरून जातो. पुढे चाकर विचारतात की आम्ही ते काढून टाकावे काय, आणि धनी त्यांना थांबवतो. कापणीपर्यंत दोन्ही वाढू देण्याचा हा सल्ला वैजापूर-गंगापूरकडच्या एखाद्या शेतकऱ्यासमोर वाचला, तर तो भक्तिभावाने मान डोलावील आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खुरपणीला माणसे लावील.

याचे स्पष्टीकरण उपदेशांतून आपण सर्वांनीच ऐकले आहे. त्या देशातील ते निदण ओंबी धरेपर्यंत गव्हासारखेच दिसते, दोघांची मुळे एकमेकांत गुंततात आणि उतावळा हात गहूही उपटतो. शिवाय तो दाखला माणसांविषयी आहे, गवताविषयी नाही. कोण गहू आणि कोण निदण हे ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे. हे सारे आम्हांला मान्य आहे. आमचे मन अडते ते निराळ्याच ठिकाणी. त्या शेतावर चाकर होते. ते शेताकडे जात होते, पाहत होते, आणि गव्हात भलतेच काही उगवले आहे हे त्यांच्या ध्यानात आले. आमच्या शहरातील सार्वजनिक जागांना असे चाकर आहेत काय, हा प्रश्न आम्हांला अलीकडे फार छळतो.

२०२३ साली औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळालेल्या या शहरात मृगाचे दोन पाऊस पडले की रस्त्यांच्या कडा, मोकळे भूखंड, शाळांची मैदाने आणि नाल्यांचे काठ हिरवेगार होतात. दुरून पाहणाऱ्यास बरे वाटते. जवळ गेल्यावर कळते की हे गाजरगवत आहे. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी पांढरी फुली, कोणी चटकचांदणी. इतकी गोड नावे या वनस्पतीला कशी मिळाली हे एक कोडेच आहे. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ती फुलते, एका जोमदार झुडपाला पंधरा-पंचवीस हजार बिया धरतात, आणि ओल मिळत राहिली तर वर्षात तिच्या तीन-चार पिढ्या होतात. जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. माणसांपैकी काहींना तिच्या परागांनी दमा जडतो, तर काहींची कातडी तिच्या स्पर्शाने कायमची बिघडते.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पुण्यात ती १९५५ साली आढळली आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद छापली गेली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि पी. एल. ४८० च्या लाल गव्हाला त्याबद्दल दोष दिला जातो. तारखा पाहिल्या तर हा दोष नीट बसत नाही, कारण त्या कायद्याखालचा भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे. मात्र १९५१ च्या टंचाईतही अमेरिकेचा गहू आपल्याकडे कर्जाऊ आला होता. ते काहीही असो. गव्हातून आलेले निदण हा मजकूर आमच्या देशात असा अक्षरशः घडला असेल, तर दाखला वाचताना अंगावर काटा यावा. फरक इतकाच की इथे वैरी कोणी नव्हता. भुकेल्यांसाठी धान्य पाठविणारे हात होते आणि पोती न चाळता उतरवून घेणारे हात होते.

ज्या संस्थेच्या नियतकालिकात ही नोंद झाली, तिच्याशी डॉ. सालिम अली जन्मभर निगडित होते. त्यांच्या नावाचा तलाव आमच्या दिल्ली दरवाजाजवळ आहे. जुनी माणसे त्याला खिजरी तलाव म्हणत. थंडीत तिथे पाहुणे पक्षी उतरतात. समोरच मोगलकालीन हिमायत बाग आहे, जिच्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र चालते. तिथून थोड्या अंतरावरील बीबी का मकबऱ्याची बाग पुरातत्त्व खात्याच्या उद्यान शाखेकडे, पाणचक्की वक्फ मंडळाकडे, सिद्धार्थ उद्यान महानगरपालिकेकडे आणि छावणीतील जागा छावणी परिषदेकडे. प्रत्येक कुंपणाला धनी आहे. गाजरगवताच्या बीला मात्र कुंपण कळत नाही; ते वाऱ्याने, पाण्याने, वाळूच्या ट्रकच्या चाकांनी आणि आपल्याच चपलांनी या धन्याकडून त्या धन्याकडे जाते, आणि दोन कुंपणांच्या मधली जी पट्टी कोणाचीच नसते तिथे सुखाने फुलते.

शहराच्या दरवाजांची गत याहून वेगळी नाही. मलिक अंबरने १६१२ साली उभारलेला भडकल दरवाजा घ्या, जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा असल्याने जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनी तिथे अलोट गर्दी होते. पुतळ्याला हार असतो, चौथरा धुतलेला असतो. पण जुन्या दगडी बांधकामाचा मोठा शत्रू हारांच्या मोसमात येत नाही. तो पक्ष्याच्या विष्ठेतून चुन्याच्या सांध्यात पडतो आणि दोन पानांचे पिंपळाचे रोप होऊन हसू लागतो. त्या दिवशी ते दोन बोटांनी उपटता येते. तीन पावसाळ्यांनंतर ते वरून छाटले तरी आतले मूळ जाड होत राहते आणि दगड सरकतो. पिंपळाला तण म्हणणे कानाला कसेसेच वाटते, पण दगडाच्या दृष्टीने ते तणच आहे.

शासनाने या गोष्टींचा विचारच केला नाही असे कोणी म्हणू नये. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा कामांची ती यादी आहे. तिच्यात बारावे काम उद्याने व क्रीडांगणांचे, तेरावे सांस्कृतिक व सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन देण्याचे आणि चौदावे दफनभूमी व स्मशानांचे आहे. बाग, शिल्प आणि थडगे एकापाठोपाठ यावेत हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो. पंधरावे काम कोंडवाड्याचे आहे. मोकाट गुरांची आठवण झाली, मोकाट गवताची झाली नाही. झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण असते, झाडांची गणना होते, परवानगीवाचून फांदी तोडणे गुन्हा ठरतो. एका बागेत रोजंदारीवर काम करणाऱ्या माळीदादांशी बोलताना आम्ही हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, झाडाचं रजिस्टर हाय. गवताचं कुठं हाय?” एवढ्या थोड्या शब्दांत हा कारभार दुसऱ्या कोणी सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक परगण्यांत उपद्रवी तणांची अधिकृत यादी असते, तण-अधिकारी असतो, आणि तो भूखंडाच्या मालकाला नोटीस धाडतो. आपल्याकडे जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेले झायगोग्रामा भुंगेरे या गवताची पाने खातात. पुढच्या वर्षापासून ते शेतांत सोडले गेले. पावसाळ्यात ते नेटाने काम करतात आणि कोरड्या दिवसांत मातीत दडी मारतात. टाकळा, तरोटा किंवा झेंडू दाट उगवला तर गाजरगवत मागे हटते, हेही अनुभवास आलेले आहे. म्हणजे उपाय नाहीत असे नाही. ठरल्या वेळी कोणी जाऊन पाहायचे, एवढेच कोणाच्या नावावर लिहिलेले नाही.

सुशोभनाला मात्र आपण तत्पर असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने महिलांची परिषद या शहरात भरली, तेव्हा रस्त्याकडेच्या भिंती रंगल्या, कारंजी उडाली, दिवे लागले. आम्हांला त्याचा आनंद झाला. आपले शहर पाहुण्यांसमोर नीटनेटके उभे राहावे असे कोणाला वाटत नाही? त्याच वर्षी पावसाळ्यात अशा एका रंगीत भिंतीसमोरून जाताना चित्रातल्या स्त्रियांची फक्त डोकी दिसत होती. खाली कमरेइतकी पांढरी फुली डोलत होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राच्या १५१ व्या परिच्छेदात शहरांतील सामाईक जागा आणि खुणेची स्थळे जपण्याविषयी लिहिले आहे. अशा स्थळांमुळे माणसाला शहर आपले वाटते, असे त्यांचे म्हणणे. ते वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आली ती आमच्या धर्मग्रामाची दफनभूमी.

दफनभूमी आपली आहे याविषयी कोणाला शंका नाही. तिथे दरवर्षी २ नोव्हेंबरच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी साफसफाई होत असे. तरुण मंडळी उत्साहाने येत, ढीग रचले जात, थडगी धुतली जात, मेणबत्त्यांना जागा होई. या वेळापत्रकात एक दोष होता. ऑक्टोबरपर्यंत गवत फुलून बी झाडून मोकळे झालेले असते. उपटताना उरलेले बीही थडग्याथडग्यांवर झटकले जाई, आणि पुढच्या वर्षाची पेरणी आपल्याच हातांनी होई.

अधल्यामधल्या महिन्यांत गवत काढीत ते आमचे राखणदार मामा. गेली कित्येक वर्षे ते उघड्या हातांनी हे काम करीत. त्यांच्या मानेची आणि कोपरांपर्यंतच्या हातांची कातडी काळी, जाड आणि भेगाळ झाली. उन्हात गेले की आग होई. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताच विचारले, “काम काय करता?” उत्तर ऐकून त्यांनी औषध लिहून दिले आणि हे काम सोडा म्हणून बजावले. मामांनी पहिला प्रश्न केला तो पगाराचा. आपल्या मृतांची राखण करणारा माणूस आपल्या हयातीत, आपल्यासमोर असा सोलला जात होता, आणि सारे त्याला उन्हाचा त्रास म्हणत होते.

धर्मग्राम समितीत चर्चा झाली. मामांना फाटकाचे आणि नोंदवहीचे काम त्याच पगारावर द्यावे असे ठरले. साफसफाई जुलैच्या दुसऱ्या रविवारी, फुले धरण्यापूर्वी करायची. ऑगस्टमध्ये पुन्हा एक फेरी मारायची. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल सक्तीचा. फुलांपूर्वी उपटलेल्या गवताचे खत होते, म्हणून कोपऱ्यात खड्डा खणला गेला. मोकळ्या झालेल्या कडेला सिस्टरांनी झेंडू लावला. नोंदवहीत मृतांच्या नोंदींमागे काही कोरी पाने होती. त्यांवर मामा आता कोणत्या ओळीत केव्हा गवत निघाले ते लिहितात. त्यांचे अक्षर सुरेख आहे, हे इतकी वर्षे कोणाला ठाऊक नव्हते.

पहिल्या जुलैत काम अकराच्या सुमारास आटोपले. तेव्हा एका मुलाने भिंतीवर चढून पलीकडे पाहिले. पलीकडे मोकळा भूखंड आहे, मालक परगावी असतात, आणि भिंतीच्या उंचीइतके गवत तिथे उभे होते. मामांनी नोंदवही चाळून मालकांचा जुना नंबर काढला, कारण त्यांच्या आजी याच दफनभूमीत तिसऱ्या ओळीत आहेत. फादरांनी फोन लावला, परवानगी मिळाली. तोवर जेवणाची वेळ झाली होती. पलीकडचे काम पुढच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर घ्यावे असे ठरले आणि हातमोजे धुऊन भिंतीवर वाळत घातले गेले.