आयरिसचे दप्तर

आयरिसच्या संकराचे शास्त्र मी प्रथम ग्रंथांतून वाचले असले, तरी ते खरोखर उमगले ते इंग्लंडच्या सफोक परगण्यातील माझ्या बागेत, जेथे जूनच्या आरंभी, दव ओसरल्यावर, मधमाशीला उतरावयास जागा उरू नये म्हणून फुलाच्या खाली झुकलेल्या तीन पाकळ्या खुडावयाच्या, एका जातीचा परागकोश चिमट्याने उचलून दुसरीच्या कुक्षीच्या इवल्या ओठावर घासावयाचा, आणि देठास दोरा बांधून मातापित्यांची नावे वहीत चढवावयाची, हा क्रम मी वर्षानुवर्षे पाळीत आलो आहे.

लागवडीविषयी फार सांगावयाचे नाही. आल्यासारखा आडवा वाढणारा कंद पाठीवर ऊन घेईल इतका उघडा ठेवावा, पाणी साचू देऊ नये, आणि एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नसल्यामुळे दर तीनचार वर्षांनी, बहर सरल्यावर, गड्डा फोडून बाजूचे कोवळे कंद निराळे लावावेत.

अवघड आहे ते वंशाचे प्रकरण. केंब्रिजचे प्राध्यापक सर मायकेल फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशिया मायनरमधून जे थोराड आयरिस आणविले, त्यांच्या पेशींत २४ ऐवजी ४८ गुणसूत्रे, म्हणजे प्रत्येक गुणाच्या दोनऐवजी चार प्रती, असल्याचे पुढे उघडकीस आले. आजच्या उंच, दाढीवाल्या, म्हणजे झुकलेल्या पाकळीवर केसाळ पट्टा असलेल्या, जातींना भव्यता लाभली ती त्यांच्याकडून, परंतु तिच्यासमवेत एक कठोर अटही आली. आयरिसमधील गुलाबी रंग, ज्यासाठी अमेरिकेत डेव्हिड हॉल यांनी दीर्घ तपश्चर्या केली, तो टोमॅटोस लाली देणाऱ्या लायकोपीनचा आहे, आणि तो प्रकट होण्यास एका अप्रभावी गुणाच्या चारही प्रती एकाच रोपात जमाव्या लागतात. म्हणून गुलाबीचा अंश नसलेल्या पांढऱ्याशी गुलाबीचा संकर केला, तर पहिल्या पिढीत एकही रोप गुलाबी निघत नाही. त्या भावंडांचा आपसांत केला, तर सरासरी ३६ मध्ये एक निघते. ही पहिली पिढी नुसती पाहून कोणीही खताच्या खड्ड्याकडे धाडील. तिला अभय मिळते ते केवळ दप्तरातील नोंदीवर, आणि माझ्या मते या विद्येत डोळ्यापेक्षा वहीचा अधिकार मोठा आहे. पुढच्या पिढ्यांत डोळ्याने काही पाहावयाचेच झाले, तर दाढी पाहावी. पाकळी जांभळ्याखाली झाकली गेली तरी शेंदरी दाढी लायकोपीनची वर्दी देते.

यंदा असे एक गुलाबी रोप फुलले. त्याचा दांडा आखूड, फुले शेंड्याशी दाटलेली. नाव देऊन बाजारात आणण्याजोगे ते नव्हे, परंतु माता म्हणून अमोल. डौलदार फांद्यांच्या पांढऱ्या भावंडाचे पराग मी त्यास दिले आहेत, आणि त्या भावंडात गुलाबीच्या दोन प्रती असल्या, तर या मेळात गुलाबीचे प्रमाण सहांत एक इतके पडते. शेंगा आता भरत आल्या आहेत. शरदात बी पेरून त्यास हिवाळ्याची थंडी मिळू दिली की वसंतात रोपे उगवतील, आणि फूल त्यानंतर दोन वर्षांनी.