काळ्या पानांवरची रजा

‘वन पीस’ या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, नामीची पूर्वकथा सुरू होते तेव्हा पानाचा रंग पालटतो. दोन चौकटींमधली एरवी पांढरी असणारी पट्टी काळी होते, कडेचा समासही काळा. मांगा वाचणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की आपण मागच्या काळात आलो. मी चित्रकथा काढणारी बाई, त्यामुळे रडायच्या जागीही माझी नजर आधी असल्या गोष्टींवर जाते. बेलमेरच्या पानांवर मात्र ती तिथे ठरली नाही. ती पानं मी लोकलमध्ये वाचत होते. पनवेलहूनच ती सुटते म्हणून खिडकी मिळते आणि सीएसएमटीपर्यंत सव्वा तास कोणी उठवत नाही. वाशीची खाडी, मानखुर्द कधी गेलं कळलंच नाही. शेवटी समोरच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

गोष्ट अशी. बेलमेर नौदलातून परतलेली, संत्र्यांची बाग कशीबशी राखणारी बाई. रणांगणात सापडलेल्या दोन पोरी, नामी आणि नोजिको, तिने आपल्या म्हणून वाढवल्या. आर्लाँग हा समुद्री चाचा गावावर चालून येतो आणि जिवाचा दर जाहीर करतो: मोठ्या माणसामागे एक लाख बेरी, पोरामागे पन्नास हजार. बेलमेरच्या घरात निघतात जेमतेम एक लाख. मुली कागदोपत्री तिच्या नाहीतच. ‘मला मुलं नाहीत’ एवढं म्हटलं तर ती वाचेल आणि पोरी पळून जातील.

एइचिरो ओदाने १९९७ साली ही मालिका सुरू केली, आणि ही पानं तिच्या नवव्या खंडात येतात. मी ती पुन्हा पुन्हा उलटून पाहिली ते त्यातल्या बेरजेसाठी. दोन पोरी म्हणजे एक मोठं माणूस, हा हिशेब तो वाचकाला आधीच मांडून देतो आणि मग गप्प बसतो. टेबलावर जेवण तिघींचं आहे. बेलमेर तोंड उघडायच्या आत आपण उत्तर काढून मोकळे झालेले असतो आणि ते चुकावं म्हणून देव पाण्यात ठेवतो. दुःख मोठं दाखवायचं तर चेहरा मोठा काढायचा, डोळ्यांत थेंब भरायचे, ही आम्हा चित्रकारांची हुकमी सवय. इथे काम केलंय ते दरपत्रकाने.

दुसरी कारागिरी आहे भिरभिऱ्याची. गावचा हवालदार गेन्झो टोपीवर भिरभिरं लावून हिंडतो. पहिल्यांदा दिसतो तेव्हा ते नुसतं ध्यान वाटतं, पोरकट, आणि आपण हसून पुढे जातो. पुढे काळ्या पानांवर कळतं की त्याचा राकट चेहरा पाहून तान्ही नामी भोकाड पसरायची, म्हणून त्याने ते टोपीत खोचलं होतं. वस्तू आधी थट्टेत पेरायची आणि नंतर तिचं मोल वसूल करायचं. पूर्वकथा उशिरा का सांगायची याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. नामीही तोवर आपल्याला चोर म्हणूनच ठाऊक असते, जहाज पळवून गेलेली. तिच्यावर रागावून झालेलं असतं.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा हे मला ज्याने शिकवलं, त्या भाच्याशी यावरून वाद झाला. मी बेरजेचं कौतुक करत होते. तो म्हणाला, “मावशी, लुफी ही गोष्ट ऐकतच नाही, ते बघ ना!” खरंच की. नोजिको सांगायला बसते तेव्हा कथेचा नायक ‘मला तिच्या भूतकाळाशी काय करायचंय’ अशा थाटात उठून फिरायला जातो. त्याचा साथीदार झोरो तर चक्क झोपतो. पुढे नामी मदत मागते आणि लुफी निघतो, कशाने काय झालं हे न विचारता. रडतो आपण, लढतो तो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध ओदाने हेतूने तोडलाय. मदतीसाठी दुःखाचा दाखला जोडावा लागत नाही.

सगळीकडे असं नसतं. ‘डीमन स्लेयर’ या दुसऱ्या मांगामध्ये राक्षसाचं मुंडकं आधी उडतं आणि राख होता होता त्याचं माणूसपण आठवतं. कोळी राक्षस रुईचं प्रकरण मला आवडतं, कारण दया येते तेव्हा ती कुणाच्याच उपयोगाची उरलेली नसते. पण हीच युक्ती राक्षसामागून राक्षसाला लावली की वाचक वाट बघू लागतो, आता याची आई कधी मरणार.

आपल्याकडे चरित्रकथा जन्मापासून सुरू करायची रीत. अमर चित्रकथेची बत्तीस पानं वाचत वाढलेल्या माझ्या पिढीच्या हाताला तेच वळण. पाळणा, गुरू, पराक्रम, मरण. कर्णाचं जन्मरहस्यही आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. उशिरा कळतं ते त्याला, कृष्ण सांगतो तेव्हा. हा उलटा डावही जबरदस्त आहे, पण त्याला व्यासांचा हात लागतो.

मी सध्या वासुदेव बळवंत फडक्यांवर चित्रकथा करते आहे. पनवेलकराला हे नाव नाट्यगृहाच्या पाटीवर रोज दिसतं. त्यांचं शिरढोण इथून गोवा महामार्गाने जवळच, कर्नाळ्याच्या अलीकडे. ४ नोव्हेंबर १८४५चा जन्म. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि रजा मिळेना. शेवटी तसेच निघाले, पोचले तेव्हा आई गेलेली. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला रजा मागितली, तीही नाकारली.

हे पहिल्या पानांवर घेतलं की सगळं बिघडतं. मग १८७६-७७चा दुष्काळ, रानड्यांची भाषणं, लहुजी वस्तादांची तालीम, रामोशांची जमवाजमव, सगळंच एका साहेबावरचा सूड होऊन बसतं. दुष्काळात माणसं मरत होती आणि धान्य-पैसा कुठे जातोय हे या कारकुनाला कळत होतं. त्यासाठी स्वतःची आई जायलाच हवी होती असं नाही. दुःखद पूर्वकथेचं हे दुखणंच आहे, ती राजकारणाला घरगुती करून टाकते.

म्हणून मी आधी दुष्काळ घेतला, मग फेब्रुवारी १८७९चा धामारीचा दरोडा. वाचकाला आधी दरोडेखोर दिसू दे. त्यानंतर दोनच काळी पानं. आईचा चेहरा नाही. हिशेबाच्या वह्या लिहून वळणदार झालेला हात रजेचा अर्ज लिहितोय, टाक दौतीत बुडतोय, अर्ज टेबलावरून टेबलावर जातोय. दुसऱ्या पानावर पुन्हा तोच हात, तशाच चौकटी, फक्त कारणाच्या ओळीत आजाराऐवजी वर्षश्राद्ध.

भाच्याच्या मते ही पानं एडनला हवीत. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून फडके पळाले, पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला गेले. कोठडीत आई आठवणं साहजिकच. साहजिक आहे म्हणूनच मला ते तिथे नको. तिथे नुसतं दार असू दे.

छापखान्याची अडचण वेगळीच. एवढी काळी शाई या कागदाच्या पाठीमागे फुटेल, त्यापेक्षा राखाडी घ्या, असं ते म्हणतात. भाच्याने तोंड वाकडं केलं, “राखाडी म्हणजे धुकं झालं, मावशी.” आता जाड कागदाचा भाव काढते आहे.