गोडाचा कारभारी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शरीरशास्त्र येते ते वाक्प्रचारांपुरते. काळजाचे पाणी होते, आतडे तुटते, पित्त खवळते, हे मी वीस वर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. पण पोटातल्या एका अवयवाची आपल्या भाषेने दखलच घेतलेली दिसत नाही. तो म्हणजे स्वादुपिंड. त्याच्या नावाचा एकही वाक्प्रचार मला आठवत नाही. मीही त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण आमच्या धाकटीने मला जायला लावले.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ती एकाएकी वाळू लागली. वय अकरा. सारखी पाणी प्यायची, रात्रीतून चारचारदा उठायची. वाढीचे वय आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटी रक्त तपासले आणि मधुमेह निघाला. आई म्हणाली, "कॉलेजातून येताना रोज पेढे कोण आणत होते?" मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. जठराच्या मागे आडवे पडलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे आणि जेमतेम १०० ग्रॅम वजनाचे हे पिंड. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, शेपूट प्लीहेपाशी. बहुतेक भाग पाचक रस तयार करतो. पण त्यात पेशींची सुमारे दहा लाख चिमुकली बेटे विखुरलेली असतात. १८६९ साली पॉल लँगरहान्स या २१ वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. ती कशासाठी आहेत हे मात्र त्याला उमगले नव्हते. 'इन्सुलिन' हे नाव 'बेट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले. एरवी शब्दाची व्युत्पत्ती कळली की मला केवढा आनंद होतो! त्या दिवशी झाला नाही.

या बेटांवर दोन कारभारी. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि साखर पेशींत व यकृताच्या कोठारात जाते. साखर उतरली की अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडून यकृताला कोठार उघडायला लावतात. धाकटीच्या शरीराच्या रक्षकांनी तिच्याच बीटा पेशींना शत्रू समजून नष्ट केले होते. "यात पेढ्यांचा काही दोष नाही, सर," डॉक्टर म्हणाले. आईला ते पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. घरी येताच मी साखर आणि गूळ कपाटात ठेवून कुलूप लावले.

आश्विनातल्या एका संध्याकाळी धाकटी लंगडी खेळून आली ती घामाने निथळत. हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. यंत्रावर आकडा आला ४८. ताबडतोब साखर हवी होती. ही स्वयंपाकघरात धावली, तर कपाटाला कुलूप! मी खिसे चाचपू लागलो. जुडग्यातली एक किल्ली लागेना. अखेर शेजारच्या काकू वाटीभर साखर घेऊन धावत आल्या. साखरपाणी पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांनी पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला. माझ्या चेहऱ्यावर यायला रात्र लागली.

साखर उतरू लागली की निरोगी बीटा पेशी आपले काम आवरते घेतात. टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही; त्याच्यापुढे अल्फा पेशींचेही फारसे चालत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितले होते, पण कळले त्या रात्री. ते पिंड गोडाचे वैरी नव्हते. ते गोडाला नाही म्हणत नाही, मोजते. मी मात्र कारभाऱ्याच्या जागी बसून तुरुंगाधिकारी झालो होतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. त्याआधी अशी मुले थोडे दिवस जगवायची तर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवीत. इन्सुलिन घरात असताना मी पोरीवर त्याच्या आधीचा उपचार चालवला होता.

कुलूप निघाले. धाकटी वही घेऊन हिशेब शिकली. माझ्यापेक्षा लवकर शिकली. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर तिने साखर तपासली, वहीत काहीतरी मांडले, पोटाला सुई टोचली आणि एक करंजी उचलली. आईने हळूच दुसरी तिच्या ताटात सरकवली.

"आजी, मी एकीचाच हिशेब केलाय."

आई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. मग ती करंजी उचलून तिने माझ्या ताटात टाकली.

"तू खा," ती म्हणाली, "तुझे स्वादुपिंड अजून जागेवर आहे."